डब्यातला चौथा कप्पा

कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून रोज दुपारी वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी डबे निघतात. दोन पोळ्या, भाजी, उसळ किंवा आमटी, आणि चौथ्या कप्प्यात फळ. डबे करणाऱ्या वहिनींना गुढीपाडव्यापासून हा चौथा कप्पा बदलायचा आहे. त्यांची नणंद एका कॉलेजात आहारशास्त्र शिकवते आणि तिचा याला विरोध आहे. दोघी मी कल्पिलेल्या आहेत, वाद मात्र घरोघरचा. घरात वजनाचा काटा आला की साखरेच्या डब्यापाठोपाठ केळ्यांकडेही संशयाने पाहिलं जातं. मग एक पक्ष म्हणतो फळ म्हणजे अमृत, दुसरा म्हणतो फळ म्हणजे साखर, आणि बोलणं तिथेच संपतं. या दोघींचं तेवढ्यावर भागत नाही.

वहिनी : वन्सं, पाडव्यापासून डब्यातलं फळ बंद करतेय. त्या जागी कोशिंबीर. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, नंतर रुसू नका.

नणंद : रुसत नाही. कारण सांग.

वहिनी : एक आहे का? पपईला पाणी सुटतं आणि ते पोळीपर्यंत झिरपतं. सफरचंद अकराला कापावं तर एकला तांबूस. पेरू दिला तर आजोबा फोन करतात, बिया कवळीत अडकल्या म्हणून. केळं दिलं तर मुली विचारतात, ‘काकू, केळ्यानं वजन वाढतं ना?’ आणि एवढं सगळं सोसून मी देते काय, तर साखर. डबा वजन उतरवायचा, त्यात गोड कशाला?

नणंद : पाणी, बिया, रंग हे तुझं दुखणं खरं आहे, त्याचं नंतर बघू. साखरेचं आधी. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेची मर्यादा सांगितली. दिवसभराच्या कॅलरींपैकी 10 टक्क्यांच्या आत, जमलं तर 5 टक्क्यांच्या आत. त्या हिशेबात चहातली साखर धरलीय, मध धरलाय, फळाचा रसही धरलाय. अख्ख्या फळातली साखर धरलेली नाही.

वहिनी : ते कागदावर. पोटात गेल्यावर यकृताला काय कळणार, हे फ्रुक्टोज पेरूतून आलं की बाटलीतून?

(हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. फ्रुक्टोजचा निकाल मुख्यतः यकृतातच लागतो आणि ते भसाभस आलं तर त्यातल्या काहीची चरबी होते, हे खरं आहे. ‘फळातली साखर नैसर्गिक असते’ हे उत्तर मला नेहमीच पळपुटं वाटत आलंय. गूळही नैसर्गिक असतो, उसाचा रसही.)

नणंद : कुठून आलं ते नाही कळत. किती वेगानं आलं आणि एकूण किती आलं, ते कळतं. 1977 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा प्रयोग छापून आला होता. दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदं दिली, एकदा त्यांचा घोटलेला गर, एकदा गाळलेला रस. कर्बोदकं तिन्हीत सारखीच, 60 ग्रॅम. रस संपवायला जेवढा वेळ लागला त्याच्या अकरापट वेळ अख्खी सफरचंदं खायला लागला. पोट भरल्यासारखं सगळ्यात जास्त वाटलं ते अख्ख्या फळानं, सगळ्यात कमी रसानं. इन्शुलिनही गरानं आणि रसानं जास्त चढलं. साखर तीच आणि तेवढीच होती.

वहिनी : दहाच माणसं?

नणंद : दहाच. तू अकरावी हो. चार मोसंब्यांचा रस तू दुकानाबाहेर उभ्या उभ्या पितेस. तीच मोसंबी सोलून खायला बस, तिसऱ्याला हात आखडेल.

वहिनी : रस मी डब्यात देतच नाही, त्यामुळे ते भांडण माझं नाही.

वहिनींचं नसेल, पुण्याचं आहे. आंबा मस्तानी, सीताफळ मिल्कशेक, साखर घातलेली शिकरण, कस्टर्डमध्ये चार द्राक्षं शोधावी लागतात असं लग्नातलं फ्रूट सॅलड. फळ पिण्याचे आणि बुडवण्याचे एवढे प्रकार आपण काढले आहेत, की वजन वाढलं म्हणून फळाला दोष देणाऱ्याला आधी विचारावं, बाबा, तू फळ शेवटचं चावून कधी खाल्लंस?

वहिनी : मला एकच सांगा. फळात असं काय आहे, जे माझ्या भाजी-कोशिंबिरीत नाही?

नणंद : काही नाही.

वहिनी : अं?

नणंद : खरंच काही नाही. ज्याच्याशिवाय शरीर अडेल आणि जे फक्त फळातच मिळेल, असं मला तरी काही दाखवता येणार नाही. क जीवनसत्त्व म्हणशील, तर बाईला दिवसाला 65 मिलिग्रॅम लागतं, पुरुषाला 80. पेरूच्या 100 ग्रॅममध्ये ते 200च्या वर असतं, म्हणजे अर्ध्या पेरूत दिवसाचं काम होतं. पण कच्चा कोबी आहे, सिमला मिरची आहे, कोथिंबीर आहे, लिंबू तर तू सढळ हातानं पिळतेसच. शिजवलं की त्यातलं बरंच जातं, म्हणून ताटात काहीतरी कच्चं हवं एवढंच. ते काम तुझी कोशिंबीर करेल. तंतूंचं म्हणशील, तर दिवसाला 25 ग्रॅम तरी लागतात. ते ज्वारीतून येतात, उसळीतून येतात, गवारीतून येतात.

वहिनी : मग भांडताय कशासाठी?

नणंद : कारण ‘अडत नाही’ म्हणजे ‘काढून टाक’ असं होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये नवी मार्गदर्शिका काढली. 2000 कॅलरींच्या दिवसात भाज्या 400 ग्रॅम आणि फळं 100 ग्रॅम.

वहिनी : म्हणजे फळ भाजीच्या पावपट! तुमच्याच लोकांनी माझी बाजू घेतली की.

नणंद : घेतली. आता तुझा डबा मोजू. भाजी एक वाटी, कच्ची असताना सव्वाशे ग्रॅम धर. आठवड्यातून दोनदा बटाटा असतो, तो यात धरायचा नाही. कोशिंबीर दिलीस तर आणखी 50. झाले पावणेदोनशे. उरलेली सव्वादोनशे ग्रॅम भाजी कोण खातं? रात्री तुझी गिऱ्हाइकं आमटी-भात जेवतात, नाहीतर खिचडी-पापड.

वहिनी : मग भाजी दुप्पट देते.

नणंद : दे. भाजी दुप्पट केलीस तर फळाचा विषय मी पुन्हा काढणार नाही. शब्द देते.

इथे वहिनी गप्प झाल्या. या बाबतीतला हिशेब त्यांना कुणी शिकवायला नको. भाजी दुप्पट म्हणजे गवार दुप्पट मोडायची, मेथी दुप्पट निवडायची, फरसबीच्या शिरा दुप्पट काढायच्या. म्हणजे सकाळी सातला आणखी एक बाई हवी आणि तिचा पगार हवा. संत्र्याला यातलं काहीच लागत नाही. ते स्वतःचं वेष्टन घालून येतं आणि सोलायची मजुरी गिऱ्हाईक स्वतः करतं. फळाच्या बाजूनं बोलणारे जीवनसत्त्वांची यादी वाचतात, आणि त्या यादीत वहिनी म्हणतात तसं खास काही नसतं. माझ्या मते फळाची खरी बाजू ही आहे की निवडणं, चिरणं, फोडणी, गॅस यांपैकी काहीही न करता ते ताटात येतं. ज्या घरात रोज 400 ग्रॅम भाजी शिजते आणि संपते, तिथे फळ नसलं तरी बिघडत नाही. अशी घरं किती उरली आहेत ते वाचकांनी आपल्या फ्रिजचा खालचा कप्पा उघडून पाहावं.

वहिनी : बरं, कष्टाचं पटलं. पण लोक माझ्याकडे वजनासाठी येतात. फळ खाऊन वजन उतरतं, असं तरी दाखवा.

नणंद : नाही दाखवता येत. अमेरिकेत एक लाख तेहेतीस हजारांवर माणसांचा आहार आणि वजन चोवीस वर्षं टिपून ठेवलं होतं, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. रोजच्या खाण्यात फळाचा एक वाढा जास्त झाला, तर चार वर्षांत वजन साधारण पाव किलोनं कमी दिसलं.

वहिनी : चार वर्षांत पाव किलो! एवढं तर माझं एका चतुर्थीला उतरतं.

नणंद : साबुदाण्याची खिचडी खाऊन?

वहिनी : खिचडीचं नाव काढू नका. पुढे सांगा.

नणंद : शिवाय ते नुसतं निरीक्षण. जास्त फळं खाणारी माणसं कदाचित चालतही जास्त असतील, बाहेरचं कमी खात असतील. ज्या प्रयोगांत लोकांना फक्त ‘फळं-भाज्या वाढवा’ एवढंच सांगितलं, बाकी काही कमी करायला लावलं नाही, त्यांचा एकत्र आढावा 2014 मध्ये निघाला. वजन जिथल्या तिथे. फळ चरबी वितळवत नाही, वहिनी. ते कशाला तरी बाजूला सारून त्या जागी बसलं तरच उपयोग.

वहिनी : म्हणजे माझंच खरं.

नणंद : अर्धं. कारण उलटा प्रयोगही झालाय, फळ कमी करून बघण्याचा. डेन्मार्कमध्ये 63 जणांवर, सगळे वजनदार, सगळ्यांना टाइप-2 मधुमेह नुकताच कळलेला. एका गटाला सांगितलं रोज निदान दोन फळं खा, दुसऱ्याला सांगितलं दोनाच्या वर जाऊ नका. बाकी आहाराचा सल्ला तोच. बारा आठवड्यांनी मोजलं, तर साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीत दोन्ही गटांत फरक नाही. वजन दोघांचंही थोडं उतरलं. फळं तोडणाऱ्यांना त्याचं वेगळं बक्षीस काही मिळालं नाही.

वहिनी : डेन्मार्कची माणसं सफरचंद खाणार, नाहीतर नासपती. आपल्याकडे सीताफळ आहे, चिकू आहे, नाशिकची द्राक्षं आहेत, हापूस आहे. त्यांच्या हिशेबानं मी कोथरूडचा डबा भरू?

नणंद : हे मात्र बरोबर बोललीस. सगळ्या फळांना एका पाटीत टाकायची सवय आम्हीही सोडायला हवी. पेरू आणि द्राक्षं घे. 100 ग्रॅममध्ये दोघांच्या कॅलरी जवळपास सारख्या, सत्तरच्या आत. पण पेरूत तंतू 5 ग्रॅमच्या आसपास, द्राक्षांत एक ग्रॅमही नाही, आणि साखर 15 ग्रॅम. एक पेरू खाऊन माणूस थांबतं. द्राक्षांचा अर्धा किलो मालिका संपायच्या आत संपतो. त्या 340 कॅलरी झाल्या. तीन पोळ्यांच्या जवळ.

वहिनी : आणि वर म्हणतात, ‘काकू, रात्री काही खाल्लंच नाही, फक्त द्राक्षं.’

नणंद : सिडनीला 1995 मध्ये वेगवेगळे पदार्थ सारख्याच कॅलरींचे देऊन बघितलं होतं, कशानं किती वेळ पोट भरलेलं वाटतं. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले. संत्र्याला मिळाले 202, सफरचंदाला 197, द्राक्षांना 162, केळ्याला 118.

वहिनी : बघा, केळं शेवटी. आमच्या मुली बरोबर विचारतात.

नणंद : शेवटी, तरी पावाच्या वर. मध्यम केळ्याच्या शंभरेक कॅलरी. ते खाऊन कुणी जाड होत नाही. पोहे, चहा, चार बिस्किटं झाल्यावर ‘आता हेल्दी काहीतरी’ म्हणून वर केळं खाल्लं, तर होईल.

वहिनी : पण आपलं अंगच वेगळं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. केईएमच्या त्या डॉक्टरांचं.

नणंद : डॉ. चित्तरंजन याज्ञिक. ते आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या 21.2. काट्यावर दोघं सारखे, आत निराळे. म्हणून आपल्याकडे कंबर मोजायची. पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आत, बाईची 80च्या.

वहिनी : मग आपण गोडाला जास्तच जपायला नको का?

नणंद : जपायला हवं. पण ती चरबी फळांनी चढवली असं म्हणायचं, तर फळ आपल्या ताटात असतं कुठे? सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि भात, चारला बिस्किट, रात्री पुन्हा भात. आपण धान्यावर वाढलेली माणसं. त्यात आठवड्याला येतात दोन केळी आणि एक सफरचंद, तेही कुणी आजारी असेल तर. फळ बंद करून तू बंद काय केलंस?

(वहिनींच्या बाजूनं एक नोंद मला करावीशी वाटते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असलेल्या माणसानं कुठलं फळ किती खायचं, हे त्याच्या डॉक्टरशी बोलूनच ठरवायचं. डबेवाल्या बाईनं ते आपल्या अंगावर घेऊ नये, आणि ती घ्यायला तयार नाही हे शहाणपणाचंच आहे.)

वहिनी : अजून एक अडचण. माझी निम्मी गिऱ्हाइकं दिवसातून दोनदाच जेवतात. डॉ. जिचकारांची ती कल्पना, डॉ. दीक्षितांनी घरोघर नेली. 55 मिनिटांत जेवण उरकायचं आणि मध्ये काही खायचं नाही. त्यांना मी चार वाजता पेरू खा कसं सांगू?

नणंद : सांगू नकोस. जेवणातच खाऊ देत. जेवणावर फळ खाल्लं तर पोटात कुजतं म्हणतात, त्याकडे लक्ष देऊ नकोस, जठरातल्या आम्लात काही कुजायला वाव नसतो. त्यांना एकच सांग, फळ घेतलं तर पोळी एक कमी. आणि आता मी विचारते. तू फळाच्या साखरेवर एवढी चिडतेस, मग ते ‘शुगर-फ्री’ म्हणून विकतेस ते खजुराचे लाडू?

वहिनी : ते लोक मागतात.

नणंद : 100 ग्रॅम खजुरात साठ ग्रॅमच्या वर साखर असते. पेरूत नऊ.

वहिनी : लाडवावर ‘साखर न घातलेले’ असं लिहीन हवं तर. ते खोटं नाही. बंद नाही करणार, डब्यापेक्षा त्यात जास्त सुटतं. आता हापूसचं बोला. महिन्याभरात पेट्या येतील आणि सगळे विचारतील, आंबा खाऊ का?

नणंद : खा म्हणायचं. मध्यम हापूसचा गर निघतो दीडशे ग्रॅमच्या आसपास. त्याच्या 90 कॅलरी, साखर वीसेक ग्रॅम. तुझी तेल लावलेली पोळी 120च्या घरात. एक आंबा, एक पोळी कमी. हिशेब जुळला.

वहिनी : कागदावर जुळला. आंब्याच्या दिवसांत पोळी कोण सोडतं, वन्सं? आमरस असला की पोळ्या मोजतच नाहीत. वाट्यांमागून वाट्या रस जातो, वर तुपाची धार. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला तुमचे भाऊ किती पुऱ्या खातात ते तुम्ही मोजलंय का कधी?

नणंद : दादाचं सोड. तू डब्यात आंब्याच्या दोन फोडी दे आणि एकच पोळी दे. तुझ्या हातात आहे ते.

वहिनी : आणि गिऱ्हाईक म्हणणार, पैसे दोन पोळ्यांचे घेता. हापूस त्यांना फुकट वाटतो, पोळी मोजलेली दिसते.

नणंद : त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वहिनी : माझ्याकडे आहे. दोन प्रकारचे डबे काढते, भाव एकच. एकात अख्खं फळ. संत्रं, पेरू, छोटं केळं, त्या दिवशी मार्केट यार्डात जे चांगलं मिळेल ते. कापून काही देणार नाही, पाण्याची कटकट नको. कवळीवाल्या आजोबांना केळं. दुसऱ्यात कोशिंबीर.

नणंद : कोशिंबीर किती?

वहिनी : दीडशे ग्रॅम. काकडी, कोबी, गाजर, टोमॅटो. किसायला मशीन आहे, बाई लागत नाही.

नणंद : दीडशे असेल तर माझी तक्रार नाही. पण एक ऐक. कोशिंबीर जेवणातच संपते. चार वाजता पोटात खड्डा पडला की तुझी ती गिऱ्हाइकं बिस्किटांचा पुडा फोडणार, 100 ग्रॅमला 450 कॅलरी. जे दोनदाच जेवण पाळत नाहीत, त्यांच्याजवळ फळ असेल तर निदान ते चारसाठी राखून ठेवतील.

वहिनी : राखून ठेवतात हो, चांगले राखून ठेवतात. दुसऱ्या दिवशी डबा परत येतो तेव्हा संत्रं तसंच्या तसं आत असतं. पुडा त्यांनीही फोडलेलाच असतो.

नणंद : मग त्या संत्र्यांचं तू काय करतेस?

वहिनी : खाते मी. टाकायची का?